सहयोगी शालेय नेतृत्वाचे प्रशिक्षण : एक चिकित्सा

प्रास्ताविक

शालेय शिक्षणाच्या सरकारी कागदपत्रांत मुख्याध्यापक पूर्वी 'प्रशासक' म्हणून ओळखला जाई. गेल्या दशकभरात तो 'शालेय नेता' झाला आहे आणि त्याच्या नेतृत्वाला 'सहयोगी' हे विशेषण लागले आहे. या विशेषणासाठी कार्यशाळा होतात, पुस्तिका निघतात, संगणकावर अभ्यासक्रम पूर्ण करून प्रमाणपत्रे मिळतात. प्रस्तुत लेखात या प्रशिक्षणामागील विचाराची चिकित्सा करावयाची आहे.

लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे. सहयोगाचे प्रशिक्षण एकट्या मुख्याध्यापकाला देता येत नाही, आणि केवळ एकमताचे धडे देऊन तर मुळीच देता येत नाही. ज्यांनी एकत्र निर्णय घ्यावयाचा ते मुख्याध्यापक, शिक्षक आणि संस्थाचालक एकत्र बसले पाहिजेत. मतभेद झाला तर काय करावयाचे आणि ठरवलेले चुकले तर उत्तर कोणी द्यावयाचे, हे त्या प्रशिक्षणाचे मुख्य प्रकरण असले पाहिजे. आज तेच प्रकरण त्यातून गळालेले आहे.

हा विषय महाविद्यालयीन अध्यापकांपुढे मांडण्यास कारण आहे. आपल्यापैकी अनेक जण अध्यापक महाविद्यालयांत शिकवतात, साधन व्यक्ती म्हणून शाळांच्या प्रशिक्षणांना जातात आणि आपापल्या संस्थेच्या शाळा समितीवरही असतात. म्हणजे या प्रश्नाच्या तिन्ही बाजूंना आपण उभे आहोत.

१. संकल्पना : वाटणी की सहभाग?

'सहयोगी नेतृत्व' या शब्दाखाली दोन भिन्न गोष्टी एकत्र केल्या जातात. पहिली म्हणजे कामाची वाटणी. स्नेहसंमेलन एका शिक्षकाकडे, शालेय पोषण आहार दुसऱ्याकडे, परीक्षा विभाग तिसऱ्याकडे. ही वाटणी आपल्या शाळांत पूर्वापार आहे. तिच्यात काम वाटले जाते, निर्णय वाटला जात नाही. दुसरी गोष्ट म्हणजे निर्णयातील सहभाग. जेम्स स्पिलान यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात नेतृत्वाचा विचार व्यक्तीच्या गुणांतून बाहेर काढला. नेता, त्याच्याबरोबर काम करणारी माणसे आणि परिस्थिती यांच्यातील व्यवहारात नेतृत्व घडते, असे त्यांचे म्हणणे आहे. हे मान्य केले तर नेतृत्वाचे प्रशिक्षण एका व्यक्तीला वेगळे काढून देणे हीच विसंगती ठरते.

हा विचार केवळ पुस्तकी नाही. एखादी मुलगी सातवीनंतर शाळा सोडते, तेव्हा काय घडलेले असते ते पाहावे. ती आठवड्यातून दोनदा गैरहजर राहू लागली हे वर्गशिक्षिकेला ठाऊक असते. घरी धाकटे भावंड सांभाळावे लागते, की येण्याजाण्याची सोय नाही, हे तिच्या शेजारच्या बाकावरील मुलीला आणि एखाद्या शिक्षिकेला ठाऊक असते. फी थकल्याची नोंद लिपिकाकडे असते. शाळेची वेळ बदलण्याचा अधिकार मुख्याध्यापकाकडे आणि वाहनाची सोय करण्याचा अधिकार संस्थेकडे असतो. माहिती चार ठिकाणी आणि अधिकार दोन ठिकाणी, अशी ही रचना आहे. हे सारे एकत्र येतात ते वडील दाखला मागायला कचेरीत आल्यावर, आणि तेव्हा उशीर झालेला असतो. सच्चर समितीने नोव्हेंबर २००६ मधील अहवालात नोंदवले होते की, ६ ते १४ वयोगटातील सुमारे २५ टक्के मुस्लिम मुले शाळेत कधी गेलीच नव्हती किंवा शाळा सोडून गेली होती. या आकड्यामागे दारिद्र्य आहे, सोयींचा अभाव आहे. परंतु शाळेच्या आत असलेले ज्ञान निर्णयापर्यंत पोहोचत नाही, हेही एक कारण मानावे लागेल. म्हणून सहयोगी नेतृत्व हा आपल्यासाठी सौजन्याचा नव्हे, गळतीचा प्रश्न आहे.

अँडी हारग्रीव्ज यांनी १९९४ च्या आपल्या ग्रंथात एक इशारा दिला होता. शिक्षकांचे सहकार्य आतून वाढते तेव्हा ते अनिश्चित वेळी, अनपेक्षित रीतीने घडते. प्रशासन ते वेळापत्रकात बसवते तेव्हा त्याचे लादलेले सहकारित्व होते. बैठका वाढतात, तक्ते भरले जातात आणि शिक्षक पूर्वीइतकाच एकटा राहतो. आपल्याकडील प्रशिक्षणांना हा इशारा पुरेपूर लागू पडतो.

२. तीन टप्पे, एकच गृहीतक

पहिला टप्पा २०१४ चा. त्या वेळी न्यूपा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विद्यापीठातील राष्ट्रीय शालेय नेतृत्व केंद्राने शालेय नेतृत्व विकासाचा राष्ट्रीय आराखडा प्रसिद्ध केला. या आराखड्याचे श्रेय नाकारता येणार नाही. मुख्याध्यापकाला त्याने कारकुनीतून वर काढले, अध्ययन-अध्यापनाच्या परिवर्तनाला त्याच्या कामाच्या मध्यभागी आणले. संघबांधणी आणि समाजाशी भागीदारी ही स्वतंत्र क्षेत्रे मानली. परंतु प्रशिक्षणाचा घटक मुख्याध्यापक ही एक व्यक्तीच राहिली. ज्यांचा संघ बांधावयाचा ते शिक्षक त्या वेळी शाळेत तास घेत असतात.

दुसरा टप्पा 'निष्ठा' योजनेचा. २१ ऑगस्ट २०१९ रोजी सुरू झालेल्या या योजनेत सुमारे ४२ लाख शिक्षक व शाळाप्रमुखांना प्रशिक्षित करण्याचे उद्दिष्ट होते. येथे शिक्षक आणि शाळाप्रमुख दोघेही एका योजनेत आले, हे निश्चितच पुढचे पाऊल होते. तथापि एवढ्या संख्येसाठी साखळी पद्धत अपरिहार्य ठरली. वरच्या स्तरावरील तज्ज्ञ राज्यातील साधन व्यक्तींना शिकवणार आणि त्या पुढे शिक्षकांना. साखळीच्या प्रत्येक कडीला आशयाची धार कमी होते, हा जुना अनुभव आहे. सहयोगासारख्या विषयात तर साखळीचे रूपच आशयाच्या विरुद्ध जाते. वरून आलेले ऐकून खाली सांगणे, ही जी सवय मोडावयाची तीच प्रशिक्षणाची पद्धत होते. पुढे कोविडमुळे ऑक्टोबर २०२० पासून हे प्रशिक्षण 'दीक्षा' मंचावर गेले आणि प्रत्येक जण आपापल्या मोबाईलसमोर एकटा बसून सहयोग शिकू लागला.

तिसरा टप्पा राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२०. त्यात शिक्षकांसाठी वर्षाला किमान ५० तासांच्या सातत्यपूर्ण व्यावसायिक विकासाची अपेक्षा आहे आणि मुख्याध्यापकांसाठीही तितक्याच तासांची. शाळांचे समूह करावेत, शाळा विकास आराखडे मुख्याध्यापक आणि शिक्षकांनी शाळा व्यवस्थापन समितीच्या सहभागाने तयार करावेत, असेही धोरण सांगते. शाळासमूहाची कल्पना नवी नाही. ती कोठारी आयोगाने १९६४-६६ मध्ये मांडली होती. त्या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक कोल्हापूर जिल्ह्यातले. धारवाड जिल्ह्यातील उप्पिनबेटगेरी या गावात त्यांनी तरुणपणी साक्षरतेचे काम केले होते. खेड्यातील एकट्या शाळेचे दुबळेपण त्यांनी जवळून पाहिले होते. सहयोगाची गरज धोरणात आहे, तासांची तरतूदही आहे. परंतु ५० तास शिक्षकाच्या नावावर आणि ५० तास मुख्याध्यापकाच्या नावावर नोंदले जातात. शाळेच्या नावावर एकही तास नाही. एकत्र प्रशिक्षण घेण्यास धोरणाची मनाई नाही, पण तशी अटही नाही. अट नसेल तेथे सोय जिंकते, आणि वेगवेगळे बोलावणे हे प्रशासनाला केव्हाही सोयीचे असते.

अशा एका तीन दिवसांच्या कार्यशाळेला प्रस्तुत लेखक उपस्थित होता. दुसऱ्या दिवशी गटागटांनी वर्तमानपत्राच्या कागदाचे उंच मनोरे बांधले. सर्वांनी मनापासून भाग घेतला, हसतखेळत दुपार गेली आणि 'संघभावना' या शीर्षकाखाली छायाचित्रे निघाली. परंतु मनोरा पडला तर कोणाचे काहीच जाणार नव्हते. चहाच्या वेळी एका मुख्याध्यापकांनी विचारलेला प्रश्न मात्र खरा होता : "शिक्षकांनी मिळून ठरवले आणि निकाल घसरला, तर नोटीस कोणाला येणार?" तीन दिवसांत या प्रश्नाला वेळापत्रकात जागा मिळाली नाही.

३. कायदा आणि आपल्या संस्था

हा प्रश्न आपल्या संस्थांत अधिक टोकदार होतो. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३० ने अल्पसंख्याकांना शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालवण्याचा अधिकार दिला. केरळमधील एका मुस्लिम संस्थेच्या शाळेसंबंधी एन. अम्मद प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली निकाल दिला की, पात्र व्यक्तींमधून मुख्याध्यापक निवडण्याचा अल्पसंख्याक व्यवस्थापनाचा अधिकार सेवाज्येष्ठतेने बांधता येत नाही. २००६ च्या मलंकारा सीरियन कॅथॉलिक कॉलेज प्रकरणातही प्राचार्यांच्या बाबतीत हीच भूमिका कायम राहिली. यामागील तर्क असा की, मुख्याध्यापक हा शाळेच्या चाकाचा तुंबा आहे. सारे आरे त्याच्यात बसलेले असतात, म्हणून तो संस्थेच्या विश्वासातला हवा.

संस्थेच्या स्वायत्ततेसाठी हा तर्क आवश्यक आहे आणि त्याचा आपण लाभ घेतला आहे. परंतु त्याचा एक परिणाम आपण पाहत नाही. मुख्याध्यापकाची निवड जितकी व्यवस्थापनाच्या विश्वासावर, तितके त्याचे लक्ष वर, सचिवांच्या टेबलाकडे. खाली शिक्षकांचा गोपनीय अहवाल त्याच्याकडे. अशा माणसाला एकट्याला कार्यशाळेत पाठवून 'सहयोगी' व्हा म्हणून सांगणे अन्यायाचे आहे. जो अधिकार त्याच्यापाशी पूर्ण नाही, तो त्याने वाटावा कसा?

पालकांच्या सहभागाचीही तीच कथा. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया हव्यात. कर्नाटकात तर त्याआधी, २००१ पासूनच, सरकारी शाळांत अशा समित्या होत्या. २०१२ च्या दुरुस्तीने अल्पसंख्याक शाळांत ही समिती केवळ सल्लागार ठरली. ६ मे २०१४ रोजी प्रमती प्रकरणातील पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने अल्पसंख्याक शाळांना हा कायदा लागू नसल्याचे सांगितले. १ सप्टेंबर २०२५ रोजी दोन न्यायाधीशांच्या पीठाने त्या निकालाविषयी शंका व्यक्त करून प्रश्न मोठ्या पीठाच्या विचारार्थ पाठवण्यासाठी सरन्यायाधीशांपुढे ठेवला. न्यायालयात काहीही ठरो, एक प्रश्न आपला आपल्याला विचारावा लागेल. कायद्याची सक्ती नव्हती त्या वर्षांत आपल्या किती शाळांनी पालकांना, विशेषतः मातांना, स्वतःहून समितीवर घेतले? स्वायत्तता समाजाची होती. ती वापरली किती जणांनी?

४. मशवरा आणि आजीव सदस्य

सहयोगी नेतृत्व ही पाश्चात्त्य कल्पना म्हणून बाजूला सारण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. वस्तुतः आपल्यापाशी तिच्या दोन परंपरा आहेत, आणि आजच्या प्रशिक्षणात जे नाही नेमके ते त्या शिकवतात.

पहिली मशवऱ्याची. कुरआनातील ४२ व्या सूरेचे नावच 'शूरा' आहे. परंतु आपल्या सभांत 'मशवरा' हा शब्द बहुधा ठरलेल्या गोष्टीला रुकार मिळवण्यासाठी वापरला जातो. सीरतच्या ग्रंथांतील उहुदचा प्रसंग येथे आठवावा. हिजरी ३, म्हणजे इ.स. ६२५ मध्ये हजरत मुहम्मद पैगंबर (स.) यांचा कल मदिनेत राहूनच मुकाबला करण्याकडे होता. तरुण सहकाऱ्यांचा आग्रह बाहेर पडण्याचा होता. त्यांनी तो मान्य केला. लढाईत मोठी हानी झाली. तिची कारणे निराळी होती, पण मशवरा बंद करण्यास एखाद्या नेत्याला याहून मोठे निमित्त मिळाले नसते. त्यानंतर 'आले इमरान' सूरेत जी शिकवण आली, ती मात्र सहकाऱ्यांना क्षमा करण्याची आणि त्यांच्याशी सल्लामसलत चालूच ठेवण्याची. निर्णय फसला म्हणून सामूहिक निर्णयाची रीत फसली असे होत नाही, हा तो धडा. वर उल्लेखिलेल्या मुख्याध्यापकांच्या प्रश्नाचे उत्तर येथून सुरू होते.

दुसरी परंपरा मराठी शिक्षणसंस्थांची. १८८४ साली पुण्यात स्थापन झालेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीत अध्यापकच आजीव सदस्य होते. अल्प वेतनावर दीर्घ सेवेची बांधिलकी घ्यायची आणि संस्थाही आपणच चालवायची, अशी ती रचना. १८८५ साली फर्ग्युसन महाविद्यालय याच रचनेतून उभे राहिले. परंतु बाहेरील उत्पन्न, त्यागाची मर्यादा आणि एकूण धोरण यांवरून सदस्यांत तीव्र मतभेद झाले आणि १८९० साली टिळक संस्थेतून बाहेर पडले. हा प्रसंग आपण टिळक-आगरकर वादाचा भाग म्हणून शिकवतो. शिक्षणशास्त्राच्या वर्गात तो संस्था-व्यवस्थापनाचा धडा म्हणूनही शिकवावा. एवढी बुद्धिमान आणि ध्येयनिष्ठ माणसेही एकत्र कारभार करताना दुभंगली. पण रचना टिकली, कारण नियम लिहिलेले होते आणि भिन्नमत मांडायला जागा होती.

याच संदर्भात सावित्रीबाई फुले यांचे १० ऑक्टोबर १८५६ चे पत्र लक्षात घेण्यासारखे आहे. आजारपणामुळे माहेरी राहिलेल्या सावित्रीबाई जोतीरावांना लिहिताना, आपल्या गैरहजेरीत फातिमेला त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा आशयाचे सांगतात. फातिमेविषयी याहून फारशी कागदोपत्री माहिती नाही आणि तिच्याभोवती नंतर जमलेल्या सगळ्याच गोष्टी प्रमाण मानता येत नाहीत. परंतु एवढ्या एका उल्लेखातून दिसते की, एक जण नसताना दुसरी तो भार उचलत होती, आणि त्या भाराची जाणीव पहिलीला होती.

५. प्रशिक्षण कसे असावे?

टीका केल्यानंतर पर्याय सुचवणे हे कर्तव्यच ठरते. पुढील सूचना कोणत्याही मध्यम आकाराच्या संस्थेला फारशा खर्चाशिवाय अमलात आणता येतील.

पहिली सूचना, प्रशिक्षणाचा घटक शाळा असावा. मुख्याध्यापक, दोन-तीन शिक्षक, त्यांत एक सेवेने कनिष्ठ आणि किमान एक शिक्षिका, कचेरीतील लिपिक आणि व्यवस्थापनाचा एक पदाधिकारी, असा गट एकत्र यावा. पदाधिकारी केवळ उद्घाटनाला येऊन दीपप्रज्वलनानंतर किंवा किरअतनंतर निघून जाणार असतील, तर तो कार्यक्रम प्रशिक्षण म्हणून मोजू नये.

दुसरी, आशय शाळेचाच असावा. कागदी मनोऱ्याऐवजी एका वर्गाचा तीन महिन्यांचा हजेरीपट टेबलावर ठेवावा. कोणती मुले घसरत आहेत, कोणाला काय ठाऊक आहे, कोणाच्या हाती काय आहे, हे लिहून एक निर्णय घ्यावा आणि एका सत्रानंतर त्याच गटाने पुन्हा भेटून त्याचे काय झाले ते सांगावे. जपानमध्ये शिक्षक मिळून एक पाठ आखतात, एक जण तो शिकवतो, बाकीचे निरीक्षण करतात आणि नंतर शिक्षकावर नव्हे तर पाठावर चर्चा होते. स्टिगलर आणि हीबर्ट यांच्या १९९९ च्या ग्रंथामुळे ही पद्धत जगभर पोहोचली. तिचे मर्म असे की, पाठ सर्वांचा असल्यामुळे त्याचे अपयशही सर्वांचे असते.

तिसरी, मतभेदाची नोंद करण्यास शिकवावे. आपल्या शिक्षकसभांची इतिवृत्ते उघडून पाहावीत. बहुतेक ठरावांपुढे 'सर्वानुमते' हा शब्द असतो आणि पुष्कळदा तो सभेपूर्वीच लिहिलेला असतो. भिन्नमत असणाऱ्याचे नाव नको असेल तर न घालता त्याचे कारण तेवढे नोंदवावे. निर्णय फसल्यास त्याच नोंदीवरून दुरुस्ती करता येते. वेतन, शिस्तभंग, अपघात अशा बाबी मुख्याध्यापकाने एकट्याने किंवा नियमाप्रमाणेच हाताळाव्यात. सर्वच निर्णय सभेत घ्यावेत, असा सहयोगाचा अर्थ नाही. कोणते निर्णय मिळून घ्यावयाचे याची यादी वर्षारंभी लिहून ठेवली आणि त्या यादीतील निर्णयांची जबाबदारी संस्थेने एकट्या मुख्याध्यापकावर टाकणार नाही असा ठराव केला, म्हणजे नोटिशीची भीती बरीचशी ओसरेल.

चौथी, भाषेचा विचार व्हावा. सीमाभागातील मराठी आणि उर्दू माध्यमाच्या शाळांना परिपत्रके कन्नडमध्ये येतात. ज्या शिक्षकाला कन्नड उत्तम येते तो नकळत मुख्याध्यापकाचा उजवा हात होतो आणि बाकीचे ऐकीव माहितीवर राहतात. इतर राज्यांतील आपल्या शाळांतही थोड्याफार फरकाने हीच स्थिती आहे. माहिती सर्वांना समजेल अशा भाषेत फलकावर लावणे, ही सहयोगी नेतृत्वाची पहिली पायरी आहे. तिला कार्यशाळेची गरज नाही.

पाचवी आपल्या अध्यापक महाविद्यालयांसाठी. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या विनियमांनी बी.एड. दोन वर्षांचे झाले आणि शाळेतील क्षेत्रकार्याला एकूण २० आठवडे मिळाले. या आठवड्यांत छात्राध्यापक पाठ घेतात, फलक सजवतात, पण शिक्षकसभेत बसत नाहीत. त्यांनी किमान दोन सभांना निरीक्षक म्हणून बसावे. विषय कोणी मांडला, विरोध कोणी केला, निर्णय कोणाचा झाला, हे टिपावे आणि महाविद्यालयात त्यावर चर्चा व्हावी. शाळांना यात संकोच वाटेल. तो संकोच हाच अभ्यासाचा विषय आहे.

समारोप

सहयोगी नेतृत्वाच्या प्रशिक्षणाला विरोध करण्याचा या लेखाचा हेतू नाही. आराखडे चांगल्या हेतूने केले गेले आणि 'मुख्याध्यापक म्हणजे हुकूम' ही जुनी कल्पना त्यांनी सैल केली, हे मान्यच आहे. दोष इतकाच की, त्यांनी सहयोग हा स्वभावाचा गुण मानला आणि तो व्यक्तीला शिकवू पाहिला. सहयोग ही कारभाराची रीत आहे. ती अधिकार, नोंद आणि जबाबदारी यांच्या वाटपावर उभी राहते.

एखादे प्रशिक्षण सफल झाले की नाही, हे समाप्तीच्या दिवशी भरून घेतलेल्या अभिप्रायपत्रांवरून कळणार नाही. सहा महिन्यांनी शाळेत जाऊन इतिवृत्ताची वही मागावी. शिक्षकांनी स्वतःहून मांडलेले विषय किती, 'सर्वानुमते' नसलेला एखादा तरी ठराव आहे का, चुकलेला एखादा निर्णय पुन्हा चर्चेला आला का, हे पाहावे. सोबत हजेरीपट मागावा आणि जूनमध्ये ज्या मुलींची नावे त्यात होती त्या डिसेंबरात वर्गात आहेत का, हे मोजावे. आपल्यापैकी जे शाळा समित्यांवर आहेत, त्यांना ही दोन्ही कागदपत्रे मागण्याचा अधिकार आजही आहे.